फोटो काढा, पण आधी दळा

(एकपात्री प्रयोग)

पात्र : माई. वय पंचाहत्तरीच्या आसपास. पाचवारी साडी, पदर खोचलेला.
स्थळ : गुहागर तालुक्यातल्या एका चिरेबंदी घराची ओटी. मधोमध झोपाळा. एका अंगाला जातं, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा. बाकावर कंदील, फणेरपेटी, मापं, विळी, सूप. प्रत्येक वस्तूला सुतळीनं बांधलेली पाटी.

(माई केरसुणी घेऊन येते. प्रेक्षक दिसताच ती पाठीमागे लपवते. मग विचार बदलून पुढे धरते.)

या, या. चपला पडवीत काढा. आणि ही केरसुणी आहे हो, अँटिक नाही. आधीच सांगितलेलं बरं. मागे एक बाई हिचे तीनशे रुपये द्यायला निघाल्या होत्या. मी घेतलेही असते, पण मग ओटी झाडू कशानं?

तर मी माई. घर माझं, होमस्टे पुतण्याचा. मुंबईला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. शिमग्याला आला, माळ्यावर चढला आणि तिथून ओरडला, "काकू, सोनं आहे गं वर, सोनं!" मी खाली शिडी धरून उभी. म्हटलं, सासूबाईंच्या पाटल्या सापडल्या एकदाच्या! देवाचं नाव घेतलं. तर हा खाली उतरला हातात पिकदाणी घेऊन. आजेसासऱ्यांची! म्हणे, "काकू, यात मनीप्लँट काय दिसेल!" आणि लावला की. तो बघा, जेवणाच्या टेबलावर. जेवताना तिकडे बघू नका, एवढीच विनंती.

मग पाट्या आल्या. बंबाला पाटी, कंदिलाला पाटी. 'व्हिंटेज', 'रस्टिक', 'हेरिटेज'. सुतळी उरली तेव्हा माझ्याकडे बघायला लागला. मी मागील दारानं गोठ्यात गेले.

(झोपाळ्यावर बसते.)

थट्टा करतेय असं नका समजू. वस्तू जपणारी माणसं मी पाहिलीत. पुण्याला राजा केळकर संग्रहालय आहे ना, तिथे गेले होते. दिनकर केळकर म्हणून गृहस्थ, 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे. ते गावोगाव हिंडले आणि लोकांच्या घरांतून वीसेक हजार वस्तू गोळा केल्या. दिवे, कुलपं, अडकित्ते. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. माणूस मोठाच. अडकित्त्यांच्या कपाटापुढे मी उभी राहिले आणि सासरे आठवले. दुपारी जेवून झोपाळ्यावर बसायचे आणि कातरायचे, कट्... कट्... सुपारी अशी पडायची, कागदासारखी! नकळत माझा हात पुढे गेला, तर रखवालदार धावत आला. "आजी, काचेला हात नको."

बरोबर आहे त्याचं. एवढं मोलाचं, तर काचेतच हवं. पण माझ्याकडे काचही नाही आणि रखवालदारही नाही. इथे सगळ्याला हात लावायचा. लावायचाच! कसा, ते सांगते.

(बंबाजवळ जाते.)

हा बंब. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राख. पाहुणे म्हणतात, "माई, बंबाच्या पाण्याची मजा गीझरला नाही." मी विचारते, "तुमच्या घरी बंब कोण पेटवायचं?" म्हणतात, "आजी." हां! आजीला विचारलंत का मजा कुठली ते? पहाटे उठायचं, काटक्या आणायच्या, त्याही पावसाळ्यात ओल्या. फुंकून फुंकून डोळे लाल. मग आंघोळीचा क्रम. आधी सासरे, मग थोरले दीर, मग धाकटे, मग शाळेची पोरं, मग रात्री मुक्कामाला राहिलेले कोणी भटजी. माझा नंबर लागेस्तोवर निखारे विझलेले आणि पाणी असं, की नुसतं 'कोमट' म्हटलं तरी त्याचा मान व्हायचा. बंबाची मजा खरी आहे. फक्त ती पहिल्या नंबराला आहे.

(बाकावरून कंदील उचलते.)

हा प्रभाकर कंदील. कऱ्हाडजवळ ओगलेवाडी आहे ना, तिथल्या ओगल्यांचा. देशी कारखाना, देशी काच. संध्याकाळ झाली की काच पुसायचं काम पोरांना. कारण काय, तर हात लहान, आत जातो. राख घ्यायची, फडकं घ्यायचं आणि अलगद फिरवायचं. तडा गेला की काचेआधी पोराचा गाल लाल.

परवा एक नवीन जोडपं आलं होतं. म्हणाले, "माई, लाइट बंद करा ना, आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवतो. रोमँटिक वाटतं." मला काय बाई, मी केले बंद. आम्ही तर सारी जवानी रोमँटिकच जेवलो. आमटीत वर आलाय तो कढीपत्ता की आणखी कोणी, हे ताट रिकामं होईस्तोवर कळायचं नाही. थोड्या वेळानं ती मुलगी हळूच म्हणाली, "माई, लाइट लावता का?" म्हटलं, "का गो?" म्हणाली, "काहीतरी हललं."

(फणेरपेटी उघडते. झाकणातल्या आरशात बघते.)

ही माझ्या सासूबाईंची फणेरपेटी. इथे कुंकवाचा करंडा, इथे मेण, इथे फणी. आधी कपाळाला मेण, वर कुंकू, म्हणजे दिवसभर हलत नसे. आणि झाकणात हा आरसा. एवढासा! एका वेळी एक तर कपाळ दिसायचं, नाहीतर हनुवटी. आपला अख्खा चेहरा कसा आहे, ते बाईला लग्नाच्या फोटोत कळायचं. तोवर उशीर झालेला असायचा. नवऱ्यालाही.

(मापं मांडते.)

आणि ही मापं. पुतण्यानं पायलीत छत्र्या ठेवल्यात, चिपट्यात पेनं. परवा एका शाळकरी मुलानं विचारलं, "आजी, हे किती एमेलचं?" म्हटलं, बस इथे. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पोरगं उठून आईकडेच गेलं. १९५८ पासून सरकारनं किलो-ग्रॅम आणले. सगळ्यांचं बरं झालं, फक्त शेजारणींचं नुकसान झालं. शेजारीण उसने तांदूळ न्यायची तेव्हा मापटं शिगोशीग भरलेलं. (हातानं ढीग दाखवते.) असा डोंगर! आणि परत करताना? (तळहात सपाट फिरवते.) असं मैदान! मापटं तेच, बोलायची सोय नाही. वजनकाट्यावर आहे का ही कला?

आता पितळेचं सांगते. पाहुणे म्हणतात, "आम्हाला पितळेच्या भांड्यातच वाढा, आरोग्याला चांगलं." अहो, बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलंत तर ते कळकतं. हिरवट होतं. मग तुमचं आरोग्य आणि आमचा होमस्टे, दोन्ही बंद. पूर्वी कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा खणायचा, भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट, धुराचा लोट, त्यावर कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं गर्रकन फिरवायची. लगेच पाण्यात, चुर्रर्र! पिवळं गेलेलं भांडं आतून चांदीसारखं बाहेर. आम्ही पोरं शाळा बुडवून बघत बसायचो. आता तुम्हीच सांगा, पितळ मी घासून देते, पण कल्हईवाला कुठल्या ॲपवर मिळतो?

(पाट्या-वरवंट्याकडे वळते.)

मिक्सर आला तेव्हा मी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. खोटं कशाला बोलू? पाट्यावर नारळाचं वाटप करून बघा म्हणजे कळेल. पण वरवंटा टाकला नाही. बारशाला लागतो. आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात. पुतण्यानं त्याला 'व्हिंटेज' पाटी लावली, तेव्हा सांगितलं त्याला, "तुझ्या आधी हा पाळण्यात झोपलाय. मोठ्या भावाला पाटी बांधतोस?"

(जात्यापाशी येते, पदर सावरून खाली बसते. खुंटा धरते.)

आता हे. सगळ्यांचं लाडकं. इथे बसून फोटो काढतात. एक पाय दुमडलेला, एक पसरलेला, नजर लांब कुठेतरी. जात्यात दाणा नाही! रिकामं जातं फिरवतात. अहो, दगडावर दगड घासतोय तो!

जातं आवाजावर चालतं. (फिरवते.) रिकामं असेल तर असं खरखरतं. मूठ टाकली की आवाज दाट होतो. मूठ मोठी झाली की घुसमटतो आणि पीठ जाडंभरडं पडतं. सासूबाई माजघरात आडव्या झालेल्या असायच्या, डोळे मिटलेले. मी घाईनं मोठी मूठ टाकली रे टाकली की आतून, "भाकऱ्या करायच्यात, रवा नकोय!" दगड गुळगुळीत झाले की पाथरवट येऊन टाकी लावून जायचा. मग पहिलं दळण गुरांना, कारण त्यात कच असायची. हे त्या फोटोत कुठे येतं?

आणि ओव्या! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रात खेडोपाडी फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती भरल्या? लाखाच्या वर! लोक म्हणतात, केवढी ही प्रतिभा! आहेच हो प्रतिभा. पण मी सांगते, एवढ्या ओव्या झाल्या, कारण दळण संपतच नव्हतं. पहाटे ऐकणारं दुसरं होतं कोण? माहेरची आठवण, भावाचं कौतुक, सासूचा राग, सगळं ह्या दगडाला सांगायचं. त्यानं कधी कोणाला जाऊन सांगितलं नाही. घरात एवढं भरवशाचं दुसरं कोणी नव्हतं.

(क्षणभर थांबते. मग उठते आणि भराभरा काही पाट्या सोडायला लागते.)

म्हणून मी काय केलंय, पुतण्या मुंबईला गेला की ह्या पाट्या सोडते. विळीची सोडली, नारळ रोज तिच्यावर खवते. सुपाची सोडली, तांदूळ त्यात पाखडते. समईची सोडली, ती रोज लागते. वरवंट्याची सोडली, गावात अजून बारशी होतात. जिचं काम चालू आहे, ती वस्तू जुनी कसली? बंबाची पाटी राहू दे. त्याला पेन्शनच हवी होती, मलाही.

वस्तू आवडतात ना तुम्हाला? मग घेऊन जाऊन दिवाणखान्यात मांडू नका. तिच्याकडून काम करून घ्या. ते जमत नसेल, तर तुमच्या घरात ज्या म्हातारीनं ती वापरली, तिच्याजवळ तासभर बसा आणि विचारा, "तुझा आंघोळीचा नंबर कितवा होता?" फोटोपेक्षा जास्त मिळेल.

(टोपलीतून तांदूळ सुपात ओतते.)

चला, उद्या सकाळी घावनं आहेत. तांदूळ धुऊन वाळवून ठेवलेत. नियम साधा आहे : एक फोटो, एक पायली दळण. आणि एकानं दळायचं, दुसऱ्यानं फोटो काढायचा, हे चालणार नाही. नवरा-बायको दोघांनी खुंटा धरायचा. कोण येतंय आधी? ... अहो, सगळे एकदम पडवीकडे कुठे निघालात? चपलांना नंतर हात लावा, आधी खुंट्याला लावा!

(पडदा)