ब्रायटनची जत्रा

सणसवाडीहून समुद्र गाठायचा तर आधी पुणं ओलांडायचं, आणि ज्याने नगर रस्त्यावर वाघोलीची रांग पार केली त्याला पुढचा घाट म्हणजे सुट्टीच वाटते. मग अलिबाग, काशीद, नाहीतर हरिहरेश्वर. दिवाळीनंतर गाडी भरून निघायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचा, सुरमईचं ताट हाणायचं आणि परतीला चपलांमधली वाळू झाडत बसायचं. समुद्र म्हणजे एवढं ठरलेलं. त्यामुळे पोरगा शिकून तिकडे इंग्लंडात रेडिंगला नोकरीला लागतो, आईवडिलांना सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतो आणि एका शनिवारी रात्री म्हणतो, "आप्पा, उद्या बीचवर जाऊ," तेव्हा आप्पांच्या डोळ्यांपुढे काशीद उभं राहतं. आई पहाटे उठून धपाटे थापायला घेते.

प्रत्यक्षात समोर येतं ते ब्रायटन. लंडनहून तासाभराच्या रेल्वेवर, आणि ही रेल्वे १८४१ पासूनची. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्ता सरळ उतरत समुद्रावर जातो. आप्पा रेलिंगला धरून खाली बघतात. वाळू नाही. मैलभर नुसते गारगोट्यांचे ढीग. "हितं पण क्रशर हाय का काय रं?" हा वाघोलीच्या खाणी आयुष्यभर पाहिलेल्या माणसाचा प्रामाणिक प्रश्न असतो. पाणी पार आत गेलं तर थोडी वाळू दिसते, बाकी सगळा कारभार गोट्यांवर. त्यावर इंग्रज माणसं उघडी पडलेली असतात आणि त्यांना काही टोचत नाही.

आईची नजर मात्र एका गुळगुळीत, वाटोळ्या, तळहाताएवढ्या गोट्यावर खिळते. लोणच्याच्या बरणीत फोडींवर ठेवायला इतका चांगला दगड शिरूर तालुक्यात मिळणार नाही. पण तो उचलायचा नाही. किनाऱ्यावरचे गोटे नेण्याला १९४९ च्या किनारा संरक्षण कायद्याने बंदी आहे. प्रत्येकाने एकेक नेला तर समुद्र गावात शिरायला मोकळा. इकडे नदीतली वाळू रात्रीतून ट्रकने जाते आणि तिकडे एका गोट्यावर कायदा, हे ऐकून आप्पा घोडगंगा साखर कारखान्याच्या सभेलाही नसतात इतके गंभीर होतात.

इंग्रजांना समुद्रावर जायची सवय मुळात डॉक्टरांनी लावली. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टराने १७५० मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर एक ग्रंथ लिहिला. अंघोळ तर करायचीच, वर ते पाणी प्यायचंही. ब्रायटन या मासेमारीच्या गावात श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. लाज राखण्यासाठी चाकांच्या लाकडी खोल्या निघाल्या. रोगी आत कपडे बदलणार, घोडा खोली पाण्यात ओढणार, आणि दारात उभी असलेली दांडगी बाई त्याला धरून थंड पाण्यात बुचकळणार. या बायकांमधली सर्वांत नामांकित मार्था गन. पुढे राजा झालेला राजपुत्रही तिला मानायचा.

याच गावात १८१४ मध्ये पाटण्याकडचा एक माणूस आला. शेख दीन महंमद. आधी कंपनीच्या फौजेत, मग आयर्लंडमध्ये, मग १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाणावळ काढून ती बुडवून झालेली. ब्रायटनला त्याने वाफेची अंघोळ आणि तेलमालीश सुरू केली आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम अशा दोन राजांचा मालीशवाला म्हणून नाव कमावलं. इंग्रजांना गार पाण्यात बुडवणारी मार्था आणि त्यांना गरम वाफेत शिजवणारा महंमद, दोघंही सेंट निकोलस चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. सणसवाडीकराने पाहावं असं हे पहिलं ठिकाण. तिकीट नाही, आणि माणसाला बरं वाटण्यासाठी नेमकं काय लागतं याची दोन्ही मतं एका आवारात सापडतात.

औषध संपलं आणि जत्रा उरली. ब्रायटनचं सगळं कोडं या एका गोष्टीने सुटतं. अलिबागला माणूस समुद्र बघायला जातो. ब्रायटनला समुद्र नुसता निमित्ताला असतो, जसा काही जत्रांमध्ये देव असतो. बाकी सगळं ओळखीचं: पाळणे, भविष्य सांगणारी बाई, नेम मारायची दुकानं, आणि गावाचं नाव आरपार लिहिलेली साखरेची कांडी. ही कांडी कुठेही मोडली तरी आत तीच अक्षरं दिसतात. कारागीर अक्षरं आधी जाडजूड लोळ्यात रचतो आणि मग तो लोळा ताणत ताणत बोटाएवढा बारीक करतो. कवळी असलेल्यांनी ती फक्त बघावी.

ही जत्रा भरते ती पाण्यावर. १८९९ चा पॅलेस पिअर म्हणजे लोखंडी खांबांवर उभा असलेला, समुद्रात सव्वापाचशे मीटर घुसलेला धक्का. इथे बोट लागत नाही. माणसं टोकापर्यंत चालत जातात, पाणी बघतात आणि परत येतात. २०२४ मध्ये बाहेरगावच्यांना त्यासाठी पैसे मोजायची पद्धत सुरू झाली. "चालायचे पैसे?" असं आप्पा विचारतात आणि पोराला त्याचं उत्तर देता येत नाही. टेम्सच्या मुखाशी साउथएंडला तर असा धक्का दोन किलोमीटरहून लांब आहे, जगात सर्वांत लांब, आणि चालून दमणाऱ्यांसाठी त्यावर रेल्वे आहे.

रेल्वेवरून आठवलं. ब्रायटनच्या किनाऱ्यालगत माग्नुस फोल्कची विजेवरची छोटी गाडी १८८३ पासून धावते. आज चालू असलेली जगातली सर्वांत जुनी विजेची रेल्वे. मुंबईत विजेची गाडी १९२५ ला आली, त्याच्या बेचाळीस वर्षं आधी. पण फोल्क तेवढ्यावर थांबला नाही. १८९६ मध्ये त्याने सात मीटर उंच लोखंडी पायांवर उभी असलेली गाडी थेट समुद्रातून चालवली. रूळ पाण्याखाली, प्रवासी पाण्यावर. सरकारला पेच पडला की ही गाडी म्हणायची की जहाज. शेवटी ट्रामवर कप्तान नेमावा लागला आणि जीवरक्षक होडीही टांगावी लागली. १९०१ मध्ये तो प्रकार बंद पडला. असा माणूस सणसवाडीत जन्मला असता तर त्याने नगर रस्त्याच्या कोंडीवरून पायांवरची एसटी चालवली असती आणि आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

आता पोटाचं. आईची त्या दिवशी संकष्टी. रांजणगावच्या गणपतीचा शब्द, तो काही समुद्र ओलांडल्याने सुटत नाही. पोरगा म्हणतो, फिश नको तर नुसते चिप्स घे, बटाटाच आहे. बटाटा उपासाला चालतो हे खरं. पण इंग्लंडात, विशेषतः उत्तरेकडे, काही जुनी दुकानं चिप्स गाईच्या चरबीत तळतात. इथे तेल आहे अशी चौकशी करून खात्री पटते, तोवर दुकानातल्या पोरीने त्यावर भरघोस व्हिनेगर शिंपडलेलं असतं. ते असतं बार्लीचं, म्हणजे धान्याचं. झालं! आई हात आखडून घेते आणि पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू काढते. बरं, उपास चंद्रोदयाला सोडायचा तर जूनमध्ये सूर्यच सव्वानऊपर्यंत मावळत नाही आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो.

धपाट्यांचं काय होतं ते सांगायला हवं, कारण ब्रायटनला करण्यासारख्या गोष्टींत समुद्रपक्ष्याकडून लुटलं जाणं ही अगदी फुकट आणि हमखास गोष्ट आहे. हेरिंग गल हा कोंबड्याएवढा पक्षी मागून येतो. आप्पांनी धपाट्यावर दही लावून घास तोंडाशी नेलेला असतो. पंखांचा एक फटकारा बसतो, बोटांत दही राहतं आणि धपाटं पिअरच्या दिशेने निघून जातं. शेजारच्या बाकावरची म्हातारी खो खो हसते आणि हा कायद्याने संरक्षित पक्षी असल्याचं सांगते. "मग माणसाला कोण संरक्षण देतंय?" आप्पा मराठीत विचारतात. म्हातारीला कळल्यासारखं वाटतं, कारण ती आपल्या हातातला कागद घट्ट मिटते.

गाढवावर बसायची हौस असेल तर उत्तरेत ब्लॅकपूलला जावं. तिथल्या किनाऱ्यावरच्या गाढवांना शुक्रवारी सुट्टी आणि रोज जेवणाचा एक तास मिळतो. नियम १९४२ पासूनचे. पुणे परिसरातल्या कारखान्यांची गुरुवारची सुट्टी चुकवून ओव्हरटाइम मारलेला कुणी कंत्राटी कामगार सोबत असेल तर त्याला हे सांगू नये.

राजवाडा मात्र चुकवायचा नाही. रॉयल पॅव्हिलियन बाहेरून घुमट-मिनारांचा, हिंदुस्थानी थाटाचा, आतून चिनी. जॉन नॅशने तो १८१५ ते १८२३ या काळात चौथ्या जॉर्जसाठी असा घडवला, आणि नॅशने हिंदुस्थान कधी पाहिलेला नव्हता. एका कारखान्याच्या मालकाने शिक्रापूरजवळ बांधलेला बंगला आप्पांना आठवतो आणि ते समजूतदारपणे मान हलवतात. व्हिक्टोरिया राणीला हा वाडा आवडला नाही. १८५० मध्ये गावाने तो विकत घेतला.

डिसेंबर १९१४ मध्ये याच वाड्यात हिंदी जखमी सैनिकांचं इस्पितळ उघडलं. फ्रान्सच्या आघाडीवरून आलेले जवान झुंबरांखाली खाटांवर पडले. जातीधर्मानुसार नऊ स्वयंपाकघरं, हिंदूंना आणि मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे. पोस्टकार्डं छापून सरकारने या सोयीची जाहिरात केली. जवानांची घरी जाणारी पत्रं मात्र सेन्सॉर वाचत होता. ज्या हिंदी फौजेतले जखमी इथे येत होते, तिच्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह शापेलला त्यांची मोठी हानी झाली होती. खडकी म्हणजे सणसवाडीहून पुण्याला गेलेल्या माणसाचा रोजचा सिग्नल. इथे आप्पा गप्प होऊन पाट्या वाचून घेतात. पोराला त्या मराठीत सांगाव्या लागतात.

किनाऱ्यावरच्या त्याच गोट्यांवर डिसेंबर १९०९ मध्ये सावरकर बसले होते. जूनमध्ये थोरल्या भावाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रांना फाशी झाली होती. तिथे समुद्राला उद्देशून त्यांनी जी कविता रचली ती महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही पाठ असते. त्यावेळी सोबत होता बिपिनचंद्र पालांचा मुलगा निरंजन पाल. पुढे त्याने १९३६ च्या 'अछूत कन्या' या बोलपटाची कथा लिहिली. मराठी कुटुंब किनाऱ्यावर आलं की कुणीतरी ती कविता गुणगुणतंच, आणि ऊन असेल तर दुसऱ्या हातात आइस्क्रीम असतं. यात अपमान काही नाही. डिसेंबरातल्या ब्रायटनला पाच मिनिटं उभं राहून बघा, मग कवितेचा आणि आइस्क्रीमचा दोन्हींचा अर्थ लागतो.

शेवटी राहते छत्री. ब्रायटनच्या मागच्या टेकडीवर त्रेपन्न हिंदू आणि शीख जवानांवर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. ती ई. सी. हेन्रिक्स या तरुण हिंदी वास्तुकाराने आखली. मुसलमान जवानांना वोकिंगला दफन केलं. छत्रीपर्यंत गाडी जात नाही, पॅचमच्या बाजूने मेंढरांच्या कुरणांतून चढ चालावा लागतो. दरवर्षी जूनमधल्या एका रविवारी तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. आईवडिलांचं विमानाचं तिकीट काढणार असाल तर तो रविवार आधी बघून घ्या, आणि आप्पांना चपलेऐवजी बूट घालायला लावा.