दत्तक चाके

ज्या गृहस्थावर आपल्या मोटरसायकलीच्या चाकातील आरे मोजण्याचा प्रसंग आयुष्यात कधी आला नसेल, त्याने स्वतःस खुशाल भाग्यवान समजावे. माझ्यावर तो गेल्या चैत्रात आला, आणि चाळीस असावयास हवे होते तेथे सदतीस भरले.

मजकूर वाहन माझ्या मामांकडून वारसाहक्काने मजकडे आले. १९७४ सालची, ३४६ सीसीची, मद्रासेस घडलेली ही बुलेट. उजव्या पायाने गिअर बदलावा आणि डाव्या पायाने ब्रेक दाबावा ही आपल्या काळची शिस्त ती आजतागायत पाळते, आणि तिच्या संगतीत मुरलेला मनुष्य दुसऱ्या कोणाची गाडी चालवू लागला म्हणजे ऐन चौकात ब्रेकऐवजी गिअर दाबून मोकळा होतो. तिची दोन्ही चाके १९ इंची, तारांची. दर दोन महिन्यांनी त्यांचा आऊट काढावा लागे, आणि लहानसा खिळा लागला तरी आतली ट्यूब एका निःश्वासात प्राण सोडी. अशा स्थितीत शेजारच्या चिरंजीवांच्या गाडीची मिश्रधातूची, काळीभोर, बिनट्यूबची चाके रोज सकाळी दृष्टीस पडू लागल्यावर माझ्या मनात आस उत्पन्न झाली. चाकाच्या मधल्या दांड्यालाही मराठीत आसच म्हणतात. भाषेने इतक्या उघडपणे दिलेला इशारा मला समजू नये, याला दैव म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे.

नाना पेठेतील एका मिस्त्रींस मी विचारले, की दुसऱ्या जातीच्या गाडीची चाके हिला बसतील काय? हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "बसतंय की साहेब! बसवलं की बसतं." उपनिषदांतील महावाक्यांत जी निःसंदिग्धता आढळते ती या उत्तरात पुरेपूर असल्याने पुढील रविवारी मी जुन्या बाजारात गेलो, आणि कूळ, गोत्र वा पूर्वचरित्र यांची कसलीही चौकशी न करता १७ इंची चाकांची एक जोडी दत्तक घेऊन आलो.

पुढच्या चाकाने पहिला कज्जा उभा केला. जुना आस आणि नवे बेअरिंग यांची जाडी जुळेना. म्हणून लेथवाल्याकडून बुश करवून आणला. बुश बसला तेव्हा असे निदर्शनास आले, की चिमट्याचे दोन पाय ऐसपैस अंतरावर उभे असून नवा तुंबा मात्र अंगाने बारीक आहे. सबब दोन्ही बाजूंस स्पेसर घालणे आले. तेही घातले. मग चाकाबरोबर आलेली डिस्क वर्तुळाकार हसू लागली, कारण तिला धरणारा कॅलिपर जुन्या चिमट्यावर कोठेच टेकेना. कॅलिपरसाठी नवा चिमटा घ्यावा तर तो हँडलखालच्या जुन्या टीमध्ये शिरेना. बुशापासून निघालेली ही वरात हँडलपर्यंत पोहोचली तेव्हा मी मिस्त्रींस नम्रपणे विचारले, "मिस्त्री, चाकच बदलायचं होतं ना आपल्याला?" ते म्हणाले, "चाकच बदलतोय की साहेब. बाकीचं त्याच्यासाठी."

मागच्या चाकाची कथा याहून करुण. बुलेटच्या मागल्या चाकात साखळीचे चक्र आणि ब्रेकचा ड्रम डाव्या अंगास एकाच बिऱ्हाडात राहतात. दत्तक चाकात साखळी डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे, असा विभक्त संसार. पायाखालचा पेडल अर्थातच डावीकडे. तेव्हा डाव्या पायाची आज्ञा गाडीच्या पोटाखालून उजव्या बाजूस पोहोचविण्यासाठी एक आडवा दांडा वेल्ड करण्यात आला. त्यामुळे ब्रेक लागे, परंतु सरकारी हुकूम तालुक्याहून खेड्यात पोहोचावा तितक्या सावकाशीने. साखळीच्या कड्यांतही मतभेद होता: बुलेटची कडी पाच अष्टमांश इंचाची, नव्या चक्राचे दात अर्ध्या इंचाच्या कडीचे. येथे मात्र मिस्त्रींनी क्षणभर पाना खाली ठेवला, हे मला त्यांच्याविषयी आदराने नमूद केले पाहिजे.

अखेर गाडी उभी राहिली, म्हणजे उभी राहत नाही हे कळले. चाके लहान झाल्याने तिचे सारे अंग सुमारे एक इंच खाली बसले होते. पण स्टँड जुन्याच मापाचे. मुख्य स्टँडवर चढवावयास आता दोन माणसे लागू लागली, आणि बाजूच्या स्टँडवर ती पूर्वीसारखी डावीकडे विसावण्याऐवजी ताठ उभी राहून, वाऱ्याची झुळूक येताच, उजवीकडे कोलमडू लागली. पहिल्या आठवड्यात तिने दोन कुंड्या आणि एक सायकल जायबंदी केली. शिवाय १९ इंची चाकाला एक किलोमीटर जाण्यास सुमारे ४९० फेरे पुरत. या नव्यास ५३६ लागत. चक्राचे दात जुन्याइतकेच राखल्याने इंजिन पूर्वीइतकेच धापा टाकी आणि आम्ही पूर्वीपेक्षा उशिरा पोहोचत असू.

मिलिंद राजा रथात बसून आला असे म्हणाला, तेव्हा भिक्षू नागसेनाने त्यास विचारले होते, की रथ म्हणजे चाके काय, आस काय, जू काय? राजा प्रत्येकास नाही म्हणत गेला. हाच प्रश्न मला परिवहन कार्यालयाच्या आवारात पडला. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या तारखेस गाडी घेऊन मी हजर झालो. निरीक्षकांनी चेसीवर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली, उमटलेला क्रमांक दस्तऐवजाशी ताडून पाहिला, आणि दोन हजार वर्षांचा वाद अर्ध्या मिनिटात मिटविला: रथ म्हणजे चेसी क्रमांक. मी हर्षभरित होणार, तोच त्यांची दृष्टी खाली गेली.

"ही चाकं हिची नाहीत."

"दत्तक घेतली आहेत."

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे. दत्तकाची तरतूद त्यात नाही. निरीक्षक सभ्य गृहस्थ होते. "मूळची लावून आणा, काका," एवढेच ते म्हणाले.

जुनी चाके माळ्यावर होती. तीन आरे नवे भरले, आऊट काढला, आणि गाडी पंधरा दिवसांत पुन्हा आपल्या पूर्वीच्या उंचीला आली. "एवढ्या पैशांत त्या चाकांना शोभेल अशी गाडीच आली असती हो," असे सौभाग्यवती म्हणाल्या. मी हिशेब करून पाहिला, तो सेकंडहँडच्या भावाने खरा ठरला.

सध्या १७ इंची दोन चाके, एक चिमटा, एक बुश आणि वेल्डिंग तोडलेला एक आडवा दांडा, असा मुद्देमाल आमच्या माळ्यावर आहे. गरजूंनी रविवारी सकाळी येऊन पाहावा, बुश विनामूल्य. आपल्या गाडीस चाके बसतील किंवा कसे, ही पृच्छा मात्र माझ्याकडे करू नये. नाना पेठेत करावी.