पुढेकाय काका

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो, घरात पेढे यायला दोन वाजतात आणि सव्वादोनला पुढेकाय काका येतात. टक्के ते विचारत नाहीत, ते त्यांना जिन्यातच कळलेले असतात. एक पेढा तोंडात, एक 'काकूंसाठी' म्हणून कागदात, आणि मग मुलासमोर खुर्ची ओढून तो प्रश्न, ज्यावरून कॉलनीनं त्यांचं बारसं केलं आहे.

"हं, पुढे काय?"

"सायन्स."

काका डोळे मिटतात. कुणीतरी लांबचं गेल्याचं कळावं तसे. "सायन्स घेऊन?"

"इंजिनिअरिंग."

"मग?"

"जॉब."

"आणि मग?"

इथे मुलगा अडकतो. सोळाव्या वर्षी दुसऱ्या 'मग'चं उत्तर कुणाकडे असतं? मुलगा अडकला की काकांची कळी खुलते. खुर्ची आणखी वीतभर पुढे येते आणि चाकोरी या विषयावरचं व्याख्यान सुरू होतं. सगळे जातात तिथं जायचं नाही, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा सिद्धांत. त्यानुसार चौऱ्याण्णव टक्क्यांच्या मुलीला त्यांनी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाची वाट दाखवली. मुलीच्या घरात माळ पिढीजात, अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याबाहेर. ज्याच्यासाठी खंबाटकीत दोनदा गाडी थांबवावी लागते त्याला मर्चंट नेव्ही. गणितात राहिलेल्याला रेशीमशेती. एका मुलाला तर त्यांनी मोडी लिपी शिकायला सांगितलं, जुने कागद वाचणारी माणसं मिळत नाहीत म्हणून. खरं म्हणजे हा सल्ला उत्तम होता. पण त्या मुलाचं स्वतःचं देवनागरी अक्षर वाचणारं माणूसही अजून मिळालेलं नाही.

स्वतः काकांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. मराठी तीस, इंग्रजी चाळीस अशा टायपिंगच्या परीक्षा देऊन चिकटले आणि हेडक्लार्क होऊन सुटले. या काळात त्यांनी घेतलेलं सर्वात धाडसी वळण म्हणजे आस्थापना शाखेतून लेखा शाखेत जाणं. दोन्ही टेबलं एकाच खोलीत होती. सकाळी फिरायला जातात तो रस्ता ठरलेला, एसटीत बसतात ती खिडकी ठरलेली. काकूंना मी एकदा विचारलं, घरातही असंच मार्गदर्शन असतं का? त्या म्हणाल्या, "आज भाजी कुठली करू विचारलं तर म्हणतात, काल काय होती? तीच कर."

काकांकडे कात्रणांची एक फाइल आहे. वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांतली, तारीखवार लावलेली. गडबड अशी की नवी कात्रणं मागे लागतात आणि काका वाचायला सुरुवात पुढून करतात. त्यामुळे त्यांचा सल्ला नेहमी एक लाट उशिरा पोचतो. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा काका नुकते नोकरीला लागलेले. "उसाच्या फडासारखी कॉलेजं उगवतील, इंजिनिअरला कुत्रं विचारणार नाही," असं त्यांनी ऑफिसात जाहीर केलं. कॉलेजं उगवली, हे खरं ठरलं. पण त्यांचं न ऐकलेल्यांची पोरं पुण्यात फ्लॅट घेऊन बसली. मग काकांना इंजिनिअरिंग पटलं, ते बरोबर अशा वेळी, जेव्हा त्याच कॉलेजांत जागा रिकाम्या राहायला लागल्या होत्या. डीएडचंही तेच. गल्लोगल्ली डीएड कॉलेजं निघून बाहेर पडलेली मुलं शिक्षकभरतीकडे डोळे लावून बसली, तेव्हा काका घरोघर सांगत होते, "डीएड कर, दोन वर्षांत मास्तर." समोरच्या बिल्डिंगमधल्या एकीनं ते ऐकलं. ती आता ब्लाउज शिवते, आणि चांगले शिवते. काकूंचेही तीच शिवते. काका कपडे आणायला मात्र स्वतः जात नाहीत.

सध्या फाइल ड्रोनपर्यंत आली आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या निकालाला काका आमच्या खालच्या वहिनींकडे गेले. त्यांच्या धाकट्याला अठ्ठावन्न टक्के. वडिलांचं म्हणणं, लातूरला ठेवू, दोन वर्षं घासून घेतील. वहिनींचं म्हणणं, लातूरचा खर्च कोण देणार? वातावरण तापलेलं. काकांना अशा घरात शिरायला फार आवडतं. धाकट्यापुढे खुर्ची ओढून त्यांनी प्रश्न टाकला आणि त्या कार्ट्यानं पेढा खात सांगितलं, "आयटीआय. इलेक्ट्रिशियन. दोन वर्षं."

"आणि मग?"

"महावितरणमध्ये अप्रेंटिस. एक वर्ष. तेव्हा स्टायपेंड मिळतो. मग लायसन काढणार. सोलरची कामं खूप येतायत."

दुसऱ्या 'मग'चं उत्तर आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्यामुळे काका गप्प झाले. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता उठून त्याची पाठ थोपटणार. कॉलनीत चाकोरी सोडणारा पहिला मुलगा सापडला होता ना! पण काकांचा चेहरा उतरला. "आयटीआय काय," ते म्हणाले, "ते तर स्टँडच्या मागेच आहे."

त्या दिवशी मला काका कळले. त्यांना वेगळी वाट हवी असते, पण ती अशी की जिला स्टँडवरून रिक्षा मिळत नाही. पायी जाता येईल अशा वाटेत त्यांना राम वाटत नाही. शिवाय धाकट्याला सल्ला नको होता. त्याचं ठरलं होतं, आणि ठरलेल्या माणसासमोर मार्गदर्शक म्हणजे बिनकामाचा पाहुणा. काका उठलेच. चपला घालत होते, तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, "अहो काका, ते फॉर्मला उत्पन्नाचा दाखला लागतो ना? मागच्या वर्षीचा चालेल का हो?"

काकांनी चप्पल परत काढली.

पुढचा पाऊण तास जो काही झाला तो कात्रणांच्या फाइलीत कुठेही नाही. "मागच्या वर्षीचा? ३१ मार्चला मेला तो! आधी तलाठ्याकडून अहवाल घ्या, मग सेतूत जा, सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. नॉन-क्रिमीलेअर काढलंय? नाही? मग तीन वर्षांचं उत्पन्न एकदमच दाखवा, म्हणजे दर वर्षी हेलपाटा नको. जात पडताळणी? आजोबांचा शाळेचा दाखला आहे का घरात? कुठली शाळा? जुनं जनरल रजिस्टर हेडमास्तरांच्या कपाटात असतं, बघू नको म्हणाले तर मला फोन करा." मग त्यांनी धाकट्याचा शाळेचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून चष्मा वर केला. वडिलांच्या नावात एका ठिकाणी 'राव' होता, एका ठिकाणी नव्हता. काकांना असा आनंद झाला, जसा मी त्यांना कुठल्याच मुलाच्या टक्क्यांनी झालेला पाहिला नाही. "हे आत्ता सापडलं म्हणून बरं. राव आज नीट करायचा. नाहीतर पुढे प्रत्येक खिडकीवर हा राव आडवा येईल."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः धाकट्याबरोबर तहसीलला गेले. पोराचे सगळे कागद मुदतीच्या आत लागले. कॉलनीतल्या बहुतेक मुलांचे असेच लागलेले आहेत, हे त्या निमित्तानं मी मोजायला लागलो. मत्स्यशास्त्राला न गेलेली ती मुलगी मेडिकलला गेली, तिची पडताळणी काकांनी बारावीच्या आधीच करून घेतली होती. त्यांचा सल्ला ऐकून ब्लाउज शिवणारी एक. त्यांचा सल्ला झुगारून, पण त्यांच्याच झेरॉक्सवर कुठे कुठे पोचलेली बाकी सगळी. हे काकांना बोलून दाखवायची सोय नाही. "दाखल्याचं काम काय कोणीही करतो," ते चिडून म्हणतात. "माणसाला दिशा लागते, दिशा!"

धाकट्याची अप्रेंटिसशिप यंदा संपत आली. परवा काकांकडचा पंखा गरगरायचा थांबला, म्हणून त्याला बोलावलं होतं. मी चहाला बसलो होतो. तो स्टुलावर, हातात टेस्टर. खाली काका, हातात नवं कात्रण.

"आयटीआयवाल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माहितीय तुला?"

"हो काका."

"तिथून पुढे डिग्रीला, तेही थेट दुसऱ्या वर्षाला! म्हणजे शेवटी इंजिनिअरच की रे! मी तेव्हाच म्हणत होतो. फक्त नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघ, ती आता..."

"काका," वरून आवाज आला, "आधी मेन बंद करा. मग मुदत बघू."