पहिली पत्रिका कुणाला?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य. तेव्हा घरात कोण आलं, कोण गेलं, हे सरकारला कळवायलाच हवं. लेक सासरी गेली की माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग ते सासरच्या कार्डावर चढणार. मधल्या काळात ती जेवते कुठे, हा रकाना अर्जात नाही. आजोबा गेले, मृत्यूचा दाखला द्या. आजी आहेत, पण मशीनला त्यांचा अंगठा पटत नाही. शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59 हजारांवर, म्हणजे महिना पाच हजारांच्या आसपास गेलं की तुम्ही श्रीमंत! म्हणून वाचकहो, लग्न असो वा बारसं, पहिली पत्रिका गणपतीआधी पुरवठा कार्यालयात ठेवा.