खाडी बदलली की गाणं बदलायचं

(तेरा ते अठरा वयोगटातील अपत्यांसह कोकण किनाऱ्याने मोटारप्रवास करू इच्छिणाऱ्या पालकांसाठी मार्गदर्शिका)

सहलीचा विषय घरात कधीही प्रश्नाच्या रूपात काढू नये. “यंदा कोकणात जायचं का?” असं विचारलं की पंधरा वर्षांचं अपत्य मोबाइलमधून मान वर न काढता “का?” असं विचारतं, आणि त्या ‘का’ला उत्तर देणारा बाप अजून जन्माला यायचा आहे. त्यापेक्षा कुलदैवताला पुढे करावं. गुहागरचा व्याडेश्वर, हरिहरेश्वर, केळशीची महालक्ष्मी ही दैवतं या कामी फार उपयोगी पडतात. मुलं म्हणतील, “म्हणजे ही ट्रिप नाहीच, देवदर्शन आहे.” हा आक्षेप नोंदवून घ्यावा आणि निघण्याची वेळ सांगावी. ज्यांचं कुलदैवत जेजुरीला किंवा तुळजापूरला आहे त्यांनी गणपतीपुळ्याचा एक नवस फेडायचा राहिलाय असं जाहीर करावं. तो कोणी आणि कधी बोलला होता हे आजीने ठरवावं.

आजीला न्यायचंच. गुडघे, गोळ्या, रात्री तीनदा उठणं, सगळं मान्य करून न्यायचं. आई-बापांशी ज्या विषयावर तहाची बोलणीसुद्धा होत नाहीत, त्या विषयावर हीच मुलं आजीशी तासभर गप्पा मारतात. शिवाय ती पुढच्या सीटवर बसते, त्यामुळे पुढे कोण बसणार हे भांडण आपोआप निकालात निघतं.

तारीख ठरवणं हे मात्र आजीच्याही हातात नाही. अकरावी-बारावीच्या घरात सुट्टी नावाचा प्रकार नसतो. दोन क्लासमधल्या मोकळ्या जागेला सुट्टी म्हणतात. दिवाळीत आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काशिदच्या वाळूत पाय ठेवायला जागा नसते. गणपतीत कोकणच्या रस्त्यावर फक्त चाकरमान्यांचा हक्क, तिथे हौशी मंडळींनी लुडबुडू नये. मे महिन्यात आंबे असतात आणि घामही असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं घरट्यातून निघून समुद्राकडे चालू लागतात, तो सोहळा खरोखर बघण्यासारखा; पण त्याच सुमारास तुमचं पिल्लू परीक्षेच्या केंद्राकडे चालत असतं. सारांश, सोयीची तारीख नाही. त्यातल्या त्यात कमी गैरसोयीची निवडावी आणि पुन्हा चर्चेला ठेवू नये.

आता मार्ग. मुंबई-गोवा महामार्गाने जाण्याचा मोह टाळावा. त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. म्हणजे तो साधारण तुमच्या धाकट्याच्याच वयाचा आहे, आणि विचारलं की दोघंही “होतंय ना” एवढंच सांगतात. आपण सागरी मार्गाने जावं. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याला लागून एक सलग रस्ता असावा, हे बॅरिस्टर अंतुले यांचं स्वप्न. ते १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. एवढ्या वर्षांनी रस्ता आहे, पण सलग नाही. अधूनमधून खाडी आडवी येते आणि रस्ता सरळ पाण्यात उतरतो. तिथे गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे जायचं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. बोट चुकवून रस्त्याने जायचं म्हटलं तर प्रत्येक खाडीला भलामोठा वळसा पडतो. या खाड्यांवर आता पुलांची कामं निघाली आहेत. सुज्ञ पालकांनी ही सहल पूल व्हायच्या आत उरकून घ्यावी. कारण पुढे कळेल.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरावं, ही सोय २०२० पासून झाली आहे. पुणेकरांनी ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून हरिहरेश्वर गाठावं. ताम्हिणीसाठी उलटीची गोळी द्यायची, ती घाट लागायच्या आधी अर्धा तास. घाट लागल्यावर द्यायची गोळी ही गोळी नसते, प्रायश्चित्त असतं.

राहण्याचं ठिकाण ठरवताना एक खबरदारी: मुरूड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याजवळचं. दुसरं रत्नागिरीतलं, दापोलीजवळचं. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे नारळी-पोफळी, दोन्हीकडे घरगुती जेवणाची उत्तम सोय, आणि मध्ये फेरीबोटीच्या दोन खाड्या. फोनवर “या की” असं दोन्हीकडचे यजमान सारख्याच आपुलकीने म्हणतात. तिसरं मुरूड लातूर जिल्ह्यात आहे. तिथे समुद्र नाही.

गाडीतला खरा प्रश्न गाण्यांचा. बापाला भीमसेन हवा असतो, आईला जुनी भावगीतं, थोरलीला कोरियन मुलांचा तो बँड, आणि धाकट्याला ज्यात गाणं कुठून सुरू होतं तेच कळत नाही असं काहीतरी. तासाच्या हिशेबाने वाटणी केली तर घड्याळावरून भांडणं होतात, म्हणून वाटणी भूगोलाच्या हवाली करावी: खाडी बदलली की गाणं बदलायचं. सावित्रीची बाणकोट खाडी ओलांडेपर्यंत थोरली. तिथून केळशीच्या भारजा नदीपर्यंत बाप. अंजर्ल्याला जोग नदी लागते, तिथवर आई. दाभोळला वाशिष्ठी येईपर्यंत धाकटा, आणि तो टप्पा दापोलीच्या चढउतारांमुळे लांबतो, हे धाकट्याच्या लगेच लक्षात येतं. ज्या मुलाने भूगोलाच्या पेपरात कोकणातल्या नद्या ऑप्शनला टाकल्या होत्या, तो आता “जयगडला शास्त्री, मग पूर्णगडला मुचकुंदी” असं घडाघडा म्हणू लागतो. यावर आनंद व्यक्त करू नये. शिकवलं जातंय असा संशय आला की ते थांबतं.

आता फेरीबोट. धक्क्यावर गाड्यांची रांग असते, बोट पलीकडे दिसत असते आणि ती आपल्या वेळेने येते. मोबाइलला रेंज असली तर एकच काडी, तीही लाजरी. कोणी कितीही चिडलं तरी बोट लवकर येत नाही, बापाने ओळख सांगितली तरी नाही, आणि हीच तिची थोरवी. बाकी सगळ्या ठिकाणी काहीतरी पर्याय असतो आणि त्यामुळे वाद असतो. इथे पर्याय नाही. पंधरा मिनिटांनी मुलं गाडीतून उतरतात, कठड्यावर बसतात, कोकम सरबत मागतात. अर्ध्या तासाने स्वतःहून बोलायला लागतात. शाळेत कोण कोणाशी बोलत नाही, थोरलीला सायन्स का सोडायचंय, धाकट्याच्या चष्म्याचा नंबर खरोखर कधी वाढला, अशी घरात वर्षभर न मिळालेली माहिती तवसाळच्या धक्क्यावर फुकट मिळते. पालकांनी या वेळी समुद्राकडे बघत राहावं. डोळ्याला डोळा भिडवला किंवा “मग तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस?” असं म्हटलं, तर बोट आल्यासारखं वाटून मुलं उठतात.

कुठेकुठे गाडी बोटीवर उलटी चढवावी लागते. बोटीवरचा पोऱ्या “येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं मारा, अजून डावीकडं, ओ, तुमची डावी!” असं ओरडतो. गाडीतून आई सूचना देते, गाडीचा कॅमेरा टीं टीं करतो, मागे दुधाचा टेम्पोवाला शांतपणे तंबाखू मळत बघत असतो. या क्षणी मुलं सीटवरून खाली सरकून दिसेनाशी होतात. घाबरू नये. किशोरवयात आई-बापांचं सार्वजनिक अस्तित्व हीच मुळात शरमेची बाब असते. बर्म्युडा, गोल टोपी, मासळीचा भाव करणं, मोठ्याने “अहो” म्हणून हाक मारणं, या सगळ्याची बेरीज त्या रिव्हर्समध्ये होते, एवढंच.

किनाऱ्याने जाताना “बघ, बघ” म्हणायचं नाही. बघ म्हटलेली वस्तू या वयात दिसत नाही, हा दृष्टीचा नियम आहे. अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीकडून दिसणारा सुवर्णदुर्ग, हेदवीच्या बामणघळीत भरतीच्या वेळी उसळणारं पाणी, हर्णैच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव, यांपैकी काहीही बोटाने दाखवू नये. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेचा घाट येतो आणि एका वळणावर अख्खा समुद्र अंगावर येतो. तिथे बापाने रस्त्याकडे बघत गाडी चालवावी (ते एरवीही इष्टच), आईने पर्समध्ये काहीतरी शोधावं. मागून “थांबा, थांबा ना!” असं ऐकू आलं तर लगेच थांबू नये. थोडं कुरकुरत थांबावं.

तिथे काढलेल्या फोटोंत आई-बाप नसतील. ते काठावर उभे असतात तो भाग कापला जातो.

ऐतिहासिक माहिती देण्याची खुमखुमी बापाने आवरावी. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दिसले की मराठी बापाला कंठ फुटतो: १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, लॉकियर साहेबाने इथून दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लागला! तेवढ्यात नेमकी रेंज येते. तीस सेकंदांत थोरली सांगते, की ते ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकियरने आपलं निरीक्षण त्यानंतर ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून केलं, तेही ग्रहणाशिवाय. बापाने अशा वेळी “स्थानिक लोक असं सांगतात” असं म्हणून तटबंदीच्या चिऱ्यांकडे वळावं. किल्ला तेवढ्याने लहान होत नाही.

उलट रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमध्ये काहीच सांगावं लागत नाही. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१० मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा बांधून घेतला. राहायला प्रशस्त जागा, खर्चाला ठरलेला तनखा, खिडकीतून समुद्र, आणि परवानगीशिवाय कुठे जायचं नाही. १९१६ मध्ये तो इथेच वारला. सोळा वर्षांचं अपत्य या माणसाची व्यथा एका दमात समजून घेतं. त्याच्या थोरल्या राजकन्येचं वाड्यावरच्या रत्नागिरीकर नोकराशी जुळलं, हे आजीने हळूच सांगितलं की दोन्ही मुलं तिथून हलत नाहीत. कोकणच्या सहलीत मुलांनी संग्रहालयात आणखी थांबायचा हट्ट धरल्याचं दृश्य इथे बघायला मिळतं. पालकांनी यावरून गैरसमज करून घेऊ नये. राजा कैदेत होता म्हणून त्यांना आवडला.

जेवणाची शिस्त अशी, की दुपारचं जेवण सकाळीच सांगायचं: किती माणसं, शाकाहारी किती, मासे कोणते. दीड वाजता दारात जाऊन “काय मिळेल?” विचारणाऱ्याला कोकणात काही मिळत नाही, घराला झोप लागलेली असते. सुरमई, सोलकढी, मोदक, आंबोळी समोर आल्यावर धाकटा “इथे मोमो मिळतात का?” असं विचारेल. दुर्दैवाने हल्ली मिळतात. एकदा खाऊ द्यावेत. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने बांगड्याचे काटे काढायला शिकतो.

समुद्रात उतरण्याबाबत मात्र या मार्गदर्शिकेत चेष्टा नाही. गणपतीपुळे, गुहागर, काशिद दिसायला कितीही शांत दिसले तरी दरवर्षी माणसं घेतात, आणि त्यांत पोहता येणारी तरुण मुलं असतात. गावातल्या माणसाने नाही म्हटलं की पाय भिजवून परत फिरायचं. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, त्या खडकांवर लाट मागून येते. आणि जाहिरातीत वाळूवरून धावणारी गाडी ही जाहिरातवाल्यांची असते, हप्ते तुमच्या गाडीचे चालू आहेत. ती वाळूत नेली की रुतते, मग भरती येते, मग गावातला ट्रॅक्टर येतो, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू बिलात धरलेलं नसतं.

भरती कधी हे कळायला ॲप आहेत, पण खाली उतरलात की रेंज जाते. इथे आजी कामाला येते. तिथीला पाऊणने गुणायचं, आले तितके वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, कारण चंद्र सरकतो. आजीने पर्समधलं घडी घातलेलं कालनिर्णय काढून हे सांगितलं की धाकटा आधी हसतो. संध्याकाळी रेंज मिळाल्यावर तो ॲपमध्ये पडताळून बघतो, पाच-दहा मिनिटांचा फरक दाखवून “चूक” असं म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच विचारतो, “आजी, आज कुठली तिथी?”

परतीचा प्रवास आंबा घाटाने किंवा गगनबावड्याने करावा. आंबापोळी, फणसपोळी, कोकमं डिकीत आणि वाळू सगळीकडे. घरी पोचल्यावर “मग, कशी झाली ट्रिप?” असं विचारू नये. “ओके” या उत्तरापलीकडे त्यातून काही निघत नाही, आणि त्यासाठी इतका पेट्रोलचा खर्च केलेला नसतो. मुलांना खरंच काय वाटलं हे जाणून घ्यायचं असेल तर चार दिवसांनी आजीला विचारावं. तिला सगळं माहीत असतं. ती सांगणार नाही.