खतावणी

कोकणात घरी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग चहा. भाऊंकडे चहा होऊन अर्धा तास झाला की तिसरा प्रश्न येतो.

"जाऊन यायचंय का?"

नवखा माणूस बावरतो. त्याला वाटतं, आपण फार वेळ बसलो. तो उठून चपला शोधू लागतो, तसे भाऊ कळवळून म्हणतात, "अहो, घरी जाऊन नाही. मागे जाऊन." आणि परसाकडे बोट दाखवतात. आपल्या घरचा चहा पिऊन एखादा माणूस तसाच मोटारसायकलला किक मारून निघाला, की भाऊंचा चेहरा पडतो. भांडवल आपलं आणि उत्पन्न भलत्याच्या खात्यात, हे त्यांना बघवत नाही.

भाऊंची नोकरी ऑडिटमध्ये गेली. ते तपासणीला येणार म्हटलं की ग्रामसेवकांना आदल्या रात्री झोप लागत नसे, आणि येऊन गेले की पुढे महिनाभर लागत नसे. ऑडिटर हा प्राणी निवृत्त होत नाही, त्याला फक्त नवं दप्तर लागतं. कोणी सोसायटीचं धरतो, कोणी देवस्थानचं, कोणी सुनेच्या किराण्याचं. कणकवलीच्या पुढे वाडीत वडिलोपार्जित घरी येऊन राहिल्यावर भाऊंनी घर वरपासून खालपर्यंत तपासलं आणि त्यांचं बोट येऊन थांबलं ते संडासावर.

त्यांचा पहिला शेरा अजून वहीत आहे. माणूस दिवसाला लिटर-सव्वा लिटर लघवी करतो. शरीर जे नत्र बाहेर टाकतं त्यातलं बहुतेक तिच्यातच असतं. ते आपण बादलीभर पिण्याच्या पाण्याबरोबर खड्ड्यात लोटतो आणि मग बाजारात जाऊन माडांसाठी युरियाची गोणी आणतो. "एकच माल एका दाराने फुकट बाहेर जातो आणि दुसऱ्या दाराने पैसे मोजून आत येतो. खुलासा व्हावा." खुलासा कोणी करायचा, हा प्रश्नच नव्हता. घरात दुसरं होतं कोण? वहिनी म्हणाल्या, "मी काही खुलासा देणार नाही. दुपारी मला शिवणाचा क्लास आहे."

ऑडिटर पूर्वदाखल्याशिवाय पाऊल टाकत नाही. दाखला घराजवळच निघाला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचे आणि संडासांचे प्रयोग केले, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं. याच अप्पासाहेबांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचं काम मागितलं होतं. ब्राह्मणाला ते देता येत नाही असं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी अन्न कमी करत नेलं आणि येरवड्याला गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास धरला. भाऊ ही हकिगत सांगताना गांधीजींवरून जरा भरभर पुढे जातात. त्यांचा जीव नियमात अडकलेला असतो. "काम करायला माणूस तयार, कामही शिल्लक, आणि अडतंय कशावर तर कॉलमवर!"

दुसरा दाखला परदेशी. पेनसिल्व्हेनियात जोसेफ जेंकिन्स नावाचा छपरं शाकारणारा एक गृहस्थ आहे. त्याने माणसाच्या मैल्याचं खत करण्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आहे. त्याची छापील प्रत भाऊंनी स्पायरल बाइंडिंग करून घेतली आणि समासात तांबड्या पेनने शेरे मारले. सर्वांत मोठा शेरा पाण्याबद्दल आहे. तिकडची माणसं कागदाने निभावतात, आपल्याला पाणी लागतं, आणि पाणी बादलीत गेलं की सगळं रबरबीत होऊन घाण सुटते. म्हणून भाऊंनी संडासाच्या पेटीशेजारी धुण्यासाठी वेगळी फरशी केली, तिचं पाणी झाकलेल्या शोषखड्ड्यात सोडलं आणि समासात लिहिलं, "लेखकाने या देशातील परिस्थिती विचारात घेतलेली नाही."

पेटी अगदी साधी. वर बैठक, आत वीस लिटरची बादली, बाजूला सॉ-मिलमधून आणलेल्या भुशाचं पिंप आणि पिंपात नारळाच्या करवंटीची डोय. काम झालं की भुसा टाकायचा, काही दिसता कामा नये. वास आला तर भुसा कमी पडला. हिशेब एवढाच. प्लायवूडचा भुसा चालत नाही, त्यात डिंक आणि औषधं असतात. भुशाचं पोतं आलं की भाऊ मूठभर भुसा नाकाशी नेतात आणि सॉ-मिलवाल्याच्या पोराकडे असं बघतात, की ते पोर आपण होऊन पोतं बदलून देतं.

बादली भरली की परसाच्या टोकाला, विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला चिऱ्याचे दोन कप्पे आहेत तिकडे. एक भरता, एक बंद. वर पत्रे, कारण सिंधुदुर्गातला पाऊस कोणाचंही खत समुद्राला पोचवील. तळाला आणि कडेने पेंढ्याचा जाड थर. मधला ढीग काट्याने उकरायचा, बादली त्यात ओतायची, उकरलेलं वर ओढायचं आणि पातेऱ्याने झाकायचं. बादली विसळलेलं पाणीही तिथेच. नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात. माणसाच्या खात्यात नत्र उदंड आणि कर्ब जेमतेम, म्हणून भुसा आणि पातेरा. जमा-खर्च जुळला की ढीग आपोआप तापतो.

हा तापणारा ढीग म्हणजे भाऊंचं दैवत. हातभर लांब दांड्याचा थर्मामीटर त्याच्या पोटात सकाळ-संध्याकाळ खुपसला जातो आणि आकडा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगितला जातो. जेवताना हा विषय काढायचा नाही, असा वहिनींचा दंडक. म्हणून भाऊ आमटी भुरकता भुरकता नुसतं म्हणतात, "दोन नंबर, अठ्ठावन्न," आणि वहिनी ताटावरून उठतात.

एकदा मुंबईहून मुलीचा फोन आला, नातवाला ताप आहे.

"किती?"

"एकशे एक."

"फॅरनहाइट? म्हणजे अडतीस." भाऊ निराश झाले. "छे, अडतीसमध्ये काय मरणार!"

त्यानंतर आठवडाभर मुलीचे फोन फक्त वहिनींच्या मोबाइलवर येत होते.

भाऊंची खरी पारख मात्र पुण्याचे एक पाहुणे आले तेव्हा झाली. हातमागाचा कुर्ता, वाढलेली दाढी, पायात काही नाही. मातीशी नातं जोडायचं म्हणून ते अनवाणी राहत. भाऊंनी नमस्काराच्या आधी त्यांच्यापुढे चपला ठेवल्या. "अंकुशकृमी तळपायातून शिरतो. नातं जोडतो, पण मग सोडत नाही."

पाहुणे हसले. कप्प्याजवळ उभं राहून म्हणाले, "भाऊ, निसर्गात कुठे असतो थर्मामीटर?"

"निसर्गात पटकीही असते."

"मी तर तीन महिन्यांत काढतो. काळंभोर होतं. मातीचा सुगंध येतो."

"सुगंधाला व्हाउचर म्हणत नाहीत," भाऊ म्हणाले. मग त्यांनी जंताच्या अंड्याची फाइल उघडली. हे अंडं मातीत कितीतरी महिने, जमलं तर वर्षं, दबा धरून बसतं. ढिगाची उष्णता पन्नासच्या वर काही दिवस टिकली तर ते मरतं. पण पन्नास असतात मध्ये. कडेला कुठे असतात? म्हणून कडेने पेंढा, आणि म्हणून कप्पा भरून बंद केल्यावर पुरतं एक वर्ष हात लावायचा नाही. एवढं करूनही ते खत जातं माड, आंबा आणि फुलझाडांना. पालेभाजीला नाही.

"मी पालकाला घालतो," पाहुणे म्हणाले.

"शिजवून खाता ना?"

"नाही, स्मूदी करतो."

भाऊंनी खिशातली छोटी वही काढून काहीतरी टिपलं. नंतर वहिनींनी ती चोरून पाहिली. "पुण्यास गेल्यास यांचेकडे जेवण टाळणे."

या विषयातल्या उत्साही माणसांचं आणि भाऊंचं जमत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. त्या माणसांचा निसर्गावर विश्वास असतो. भाऊंचा कोणावरच नाही, आणि ज्या मालात जंत, विषमज्वर आणि कावीळ दडून येऊ शकतात तो हाताळायला अशी संशयी नजरच हवी. माझ्या घरामागे खत करायची वेळ आली तर मी त्या पाहुण्यांना बोलावणार नाही.

वाडीचा आक्षेप वासाला कधी नव्हताच, कारण वास येतच नाही. भाऊ बादली स्वतः नेतात, आक्षेप त्याला. "गडी मिळाक नाय काय?" असं येताजाता विचारणारे बरेच. भाऊ त्यांना २०१३चा कायदा ऐकवतात. पुरता कुजला नाही तोवर मैला हाताने काढायला किंवा वाहायला माणूस लावता येत नाही. कलम वगैरे सांगून ते पुढे निघतात, पण एकदा फाटकाशी थांबून म्हणाले, "इतकी वर्षं लोकांची खाती तपासली. आपल्या घराण्याचा हा खर्च पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावे टाकलेला होता, तो कधी दिसला नाही." लगेच त्यांना बादली जड झाल्यासारखी वाटली आणि ते चालू लागले.

पहिला कप्पा वर्षाने उघडला तेव्हा मात्र भाऊ हादरले. छातीएवढा भरलेला माल गुडघ्याच्या वर थोडासाच उरला होता. एवढी तूट! कुजताना कर्ब वायू होऊन उडतो, पाणी वाफ होऊन जातं, हे त्यांना पुस्तकावरून पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि डोळ्यांदेखत तूट बघणं वेगळं. दोन रात्री विचार करून त्यांनी ती "हवेत गेलेली रक्कम" या शीर्षाखाली टाकली. खालच्या ओळीत "शिल्लक अन्य वस्तू : शर्टाचे बटण १, सफरचंदावरील चिकटपट्ट्या ४. सफरचंदे कोणी आणली?" वहिनी म्हणाल्या, "माझ्या भावाने." हा मेहुणा आला की फक्त घरातला फ्लशचा संडास वापरतो. वहीत त्याचं खातं "गळती" या नावाने आहे.

खत निघाल्याची बातमी लागली तशी शेजारची काकी दोन घमेली घेऊन आली. तिला अबोलीला हवं होतं. भाऊंनी तिला पायरीवर बसवलं, फुलालाच घालणार ना, मिरचीला नाही ना, असं वदवून घेतलं, नाव लिहिलं, सही घेतली आणि एक घमेलं भरून दिलं. दुसरं रिकामं परत केलं.

काकी उठली नाही. "भाऊनू, दर चतुर्थीक आमच्या ह्यांका भजनाक बोलवतास. उसळ खातत, चाय पितत आणि तुमच्याच हय बसतत. मगे आमचो वाटो खंय?"

भाऊ गप्प झाले. आत जाऊन त्यांनी चतुर्थीच्या आठवड्याचं पान काढलं. भजनी मंडळाची आवक वेगळ्या रकान्यात, तारीखवार, नावनिशीवार मांडलेली होती. त्यांनी चष्मा वर केला, नाव शोधलं, पुढचा आकडा दोनदा तपासला आणि दुसरं घमेलं उचलून कप्प्याकडे निघाले.

"शीग लावन भरा," काकी मागून ओरडली. "मृदंगवालो आमचो दीर."