मंगळाची समजूत

संसार टिकवायचा तर एकमेकांचं ऐकावं, कामं वाटून घ्यावीत, असले कष्टाचे सल्ले समुपदेशक देत असतात. उज्जैनकडे याहून सोयीचा उपाय आहे. क्षिप्रेकाठचं मंगळनाथ मंदिर हे मंगळाचं साक्षात जन्मस्थान. तिथे भातपूजा करावी. शिवलिंगावर शिजवलेला भात लिंपला की तापट मंगळ थंड होतो आणि जोडपं सुखाने नांदतं.

योजना बिनतोड आहे. भांडणाचा आरोपी सरासरी साडेबावीस कोटी किलोमीटरवर असला की घरातले दोघंही निर्दोष सुटतात. शिवाय पत्रिकेच्या 12 स्थानांपैकी पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं यांतल्या कुठल्याही स्थानी मंगळ बसला तरी दोष लागतो, त्यामुळे यजमानांची टंचाई नाही. कौटुंबिक न्यायालयांनी आता समन्स थेट मंगळावरच बजावावं. इस्रोचं यान 2014 साली तिथे पोचलं होतं, पत्ता शोधायला नको.

घरी जन्मात कुकर न लावलेले पतिराज इथे निष्ठेने भात थापतात. बायको कौतुकाने बघत राहते. पूजेचा गुणही येतोच: मंगळाचं सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास भरलं आहे.